पाटीवर १४.२ अँपिअर, रिले १४ वर, तरी मोटर जळाली कशी?

प्रश्न थोडक्यात: सांगलीजवळ हळद दळण्याचा छोटा कारखाना आहे. पल्व्हरायझरला (दळण्याच्या यंत्राला) १० एचपीची थ्री फेज मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टरवर (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणारा). पाटीवर ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, डेल्टा, १४.२ अँपिअर. वायरमनने ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) १४ वर लावून दिला. टाँग टेस्टरवर (वायरीभोवती धरून करंट मोजायच्या साधनावर) रिकामी मोटर ६ अँपिअर घ्यायची, माल सुरू असताना ११. तरीही ऐन हंगामात मोटर जळाली आणि रिले पडलाच (ट्रिप झालाच) नाही. शिवाय पॅकिंग मशीनच्या परदेशी मोटरच्या पाटीवर अँपिअरचे दोन आकडे आहेत, ८.८/५.१. यातला कुठला धरायचा? पाटीवरचा अँपिअर म्हणजे नेमकं काय?

उत्तर:

तुमचा रिले पडला नाही, कारण बहुतेक त्याच्यातून मोटरचा पूर्ण करंट जातच नव्हता. स्टार्टर मी पाहिलेला नाही, पण गेली पंचवीसेक वर्षं रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीचं वाइंडिंग (आतल्या तारेच्या गुंडाळ्या) पुन्हा भरायचं, काम करताना हीच गफलत इतक्यांदा पाहिली आहे, की पैज लावायची झाली तर मी यावरच लावीन.

आधी खात्री करून घ्या. नवी किंवा भरून आलेली मोटर चालू करा, स्टारवरून डेल्टावर जाऊ द्या आणि माल सोडा. आता टाँग टेस्टर स्टार्टरमध्ये येणाऱ्या मेन वायरीवर लावा. समजा ११ दिसले. मग तोच टाँग रिलेमधून निघून मोटरकडे जाणाऱ्या वायरीवर लावा. तिथेही ११ आले तर माझा अंदाज चुकला. पण तिथे साडेसहाच्या आत-बाहेर दिसले, तर तुमचा रिले डेल्टाच्या आत, म्हणजे वाइंडिंगच्या फेजमध्ये बसलेला आहे. आपल्याकडचे बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टर असेच जोडलेले असतात. मेन कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या विजेने चालणाऱ्या मुख्य स्विचच्या) खाली रिले, आणि डेल्टा कॉन्टॅक्टरला सप्लाय मेन कॉन्टॅक्टरच्या वरून. त्यामुळे लाइनचा, म्हणजे मेन वायरीतला, करंट दोन वाटांनी मोटरमध्ये शिरतो आणि रिलेला त्यातली एकच वाट दिसते.

डेल्टामध्ये लाइनचा करंट वाइंडिंगच्या करंटच्या १.७३ पट असतो. उलट मोजलं तर वाइंडिंगमध्ये लाइनच्या ०.५८ पट. पाटीवरचा १४.२ हा लाइनचा आकडा. म्हणजे एकेका वाइंडिंगमधून पूर्ण लोडला जायला हवेत १४.२ × ०.५८, साधारण ८.२ अँपिअर, आणि रिले लावायला हवा होता तिथे. तो १४ वर लावल्यावर काय झालं बघा: रिलेच्या मते १४ पर्यंत सगळं आलबेल, पण त्या वेळी लाइनवर १४ × १.७३, म्हणजे २४ अँपिअर. पाटीपेक्षा सत्तर टक्के जास्त! वाइंडिंग शिजेपर्यंत रिलेला त्याचा पत्ता नाही.

वायरमनची बाजूही सांगतो. डीओएल (मोटर थेट लाइनवर जोडणाऱ्या) स्टार्टरवर तो बरोबर ठरला असता. तिथे रिले सरळ लाइनमध्ये असतो आणि पाटीवरचा आकडा जसाच्या तसा लावायचा. पाच एचपीच्या मोटरी लावून लावून हात तसाच बसलेला असतो. स्टार-डेल्टाला रिलेची रेंजच वेगळी लागते, ६ ते १० सारखी. तुमच्या रिलेची चकती ८.२ पर्यंत खाली येतच नसेल, तर रिले बदलून घ्या. सगळ्यात खालच्या खुणेवर ठेवून ‘जमतंय की’ म्हणू नका.

आता मुख्य प्रश्न. पाटीवरचा अँपिअर हा मोटर ‘घेते’ तो करंट नव्हे. तो एक सौदा आहे. बनवणारा म्हणतो: मला ४१५ व्होल्ट द्या, तिन्ही फेज सारखे द्या, जोडणी डेल्टा करा, शाफ्टवरून ७.५ किलोवॅटच काम घ्या, थंड हवा मिळू द्या. मग मी लाइनमधून १४.२ अँपिअर घेईन आणि दिवसभर चालले तरी तापमान हद्दीत ठेवीन. यातली एक अट मोडली की १४.२ ला त्या अर्थाने किंमत उरत नाही. म्हणून पाटी वाचताना अँपिअर एकटा वाचायचा नाही. त्याच्या शेजारचे व्होल्ट, जोडणीची खूण, किलोवॅट आणि ड्यूटी (सतत चालवायची की थांबून-थांबून) हे सगळं एका वाक्यासारखं वाचायचं.

आकडा खरा आहे का, हे घरबसल्या पडताळता येतं. ७.५ किलोवॅट ही शाफ्टवर मिळणारी ताकद, मीटरमधून येणारी नव्हे. एफिशियन्सी ८८ टक्के धरली तर आत जातात साडेआठ किलोवॅट. १.७३२ ला ४१५ ने गुणा, पॉवर फॅक्टर (करंटमधला खऱ्या कामाचा हिस्सा) ०.८४ ने गुणा, आणि साडेआठ हजार वॅटला त्याने भागा. उत्तर १४ च्या जरा वर येतं. दुकानात एवढं कोण करत बसतं? आम्ही एचपीला दीड अँपिअर धरून मोकळे होतो. दहाला पंधरा, पाचाला साडेसात. ४१५ व्होल्टच्या चार पोलच्या मोटरला हा अंदाज कामापुरता चालतो. कमी स्पीडच्या सहा-आठ पोलच्या मोटरी याहून थोडा जास्त घेतात.

तुमच्या ६ आणि ११ या आकड्यांबद्दल. रिकामी मोटर ६ घेते म्हणून बरेच जण समजतात, की काही न करताच चाळीस टक्के वीज खाल्ली. तसं नाही. रिकाम्या मोटरचा करंट मुख्यतः चुंबकीय क्षेत्र उभं करायला जातो. त्यात खरं काम फार थोडं, फिरवण्यातली घट तेवढी. पूर्ण करंटच्या तीस ते पन्नास टक्के रिकामा करंट हे अगदी नॉर्मल आहे. लोड वाढत जातो तसा हा चुंबकाचा करंट फारसा बदलत नाही, कामाचा करंट वाढतो, आणि दोघांची बेरीज सरळ नसून काटकोनात होते. त्यामुळे निम्म्या लोडला करंट निम्मा, म्हणजे ७, दिसत नाही. तो पावणेनऊच्या घरात दिसतो. ११ अँपिअर म्हणजे मोटर साधारण पाऊण भरलेली. तिथे तुमची काही चूक नव्हती.

मग ११ वर चालणारी मोटर जळली कशी? कारण तुम्ही ११ पाहिलेत त्या वेळी कोणीतरी टाँग धरून उभं होतं. तेव्हा हॉपरची झडप बेताने उघडलेली असते, माल सावकाश सोडला जातो. हंगामात पोती थांबून राहिली की झडप पूर्ण उघडी, हळद जरा ओलसर, जाळी गच्च. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पल्व्हरायझरवर टाँग लावून दहा मिनिटं नुसता बसलो होतो. ९, १०, ९, मग एकदम १८, परत १२, मग १९. कामगार म्हणाला, “आवाज बदलला की मी झडप ओढतो.” कानाने चाललेलं ओव्हरलोड प्रोटेक्शन होतं ते! तो रजेवर गेला त्या आठवड्यात मोटर माझ्या दुकानात आली. तुम्ही पॅनेलच्या दारावर साधा अँपिअर मीटर बसवून घ्या, लाइनच्या करंटवर, आणि काचेवर १४.२ ला लाल रेघ मारा. झडपेशी उभ्या असलेल्या माणसाला ती रेघ दिसली पाहिजे.

रिले बरोबर लावला तरी तो जादूगार नाही. थर्मल रिले सेटिंगच्या १.०५ पटीला दोन तासांत पडू नये आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत पडावा, असं त्याचं प्रमाण आहे. म्हणजे वीस टक्के जास्त करंटवर तो तास-दीड तास गप्प बसला तर रिले खराब म्हणता येत नाही. म्हणूनच ‘सारखा पडतोय, एक खूण वाढव’ हा उद्योग करायचा नाही. काही अमेरिकन मोटरींच्या पाटीवर सर्व्हिस फॅक्टर १.१५ असतो, त्यात थोडी सवलत धरलेली असते. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटरींना तशी सवलत धरू नका. १४.२ म्हणजे १४.२.

हळदीच्या कारखान्यात आणखी एक चोर आहे, त्याला हा रिले पकडत नाही. मोटर उघडायला आणली तेव्हा तिचा मागचा पंखा आणि त्यावरची जाळी पाहिलीत का? माझ्याकडे अशा मोटरी पिवळ्याधमक येतात. बॉडीवरच्या पट्ट्यांमधल्या फटी हळदीने लिंपलेल्या, जाळीवर पापुद्रा. वारा गेला नाही की १२ अँपिअरलाही मोटर तापते. रिलेला करंट कळतो, तापमान कळत नाही. पाटीवर अँबियंट (भोवतालच्या हवेचं तापमान) ४५ किंवा ५० लिहिलेलं असतं, क्लास एफ लिहिलेला असतो. एफ म्हणजे इन्सुलेशनची हद्द १५५ अंश. हद्दीवर दर दहा अंश वाढले की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला जुना हिशोब आहे. आठवड्यातून एकदा कॉम्प्रेसरच्या हवेने पंख्याची जाळी आणि फटी मोकळ्या करा. मोटर बंद करून, तोंडाला फडकं बांधून.

आता व्होल्टेज. दुपारी ४१५ च्या जागी ३७० मिळाले आणि जात्यावरचा लोड तोच राहिला, तर मोटर काम पूर्ण करण्यासाठी करंट वाढवते. पूर्ण लोडला १४.२ चे जवळपास १६ होतात. त्याउलट रात्री ४४० आले की हलक्या लोडवरची मोटरही जास्त घेते, कारण लोखंड चुंबकाने तुडुंब भरतं आणि रिकामा करंट चढतो. ‘काल ६ होते, आज साडेसात कसे’ असं विचारत येणाऱ्याला मी आधी व्होल्ट मोजून यायला सांगतो. अँपिअर लिहून ठेवायचा तर शेजारी त्या वेळचे तिन्ही व्होल्ट लिहायचे, नाहीतर तो आकडा अर्धा.

तिन्ही म्हणतोय त्याला कारण आहे. फेज-फेजमधले व्होल्ट ४००, ४१२, ४१८ असे आले, तर सरासरी ४१० आणि सर्वांत लांबचा आकडा १० ने कमी. हा सुमारे अडीच टक्के फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. पण व्होल्टेजमधल्या एक टक्का असमतोलाने करंटमध्ये सहा ते दहा टक्के असमतोल येऊ शकतो. म्हणजे एक फेज १२ वर निवांत आणि दुसरा १५ च्या वर. दोष लाइनचा की मोटरचा, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. तिन्ही वायरींवरचे करंट लिहून घ्या. मेन बंद करून स्टार्टरच्या इनकमिंगला तिन्ही वायरी एक-एक जागा पुढे सरकवा. तिन्ही सरकवल्या तर मोटरची दिशा बदलत नाही. परत मोजा. जास्तीचा करंट सप्लायच्या त्याच वायरीबरोबर गेला तर दोष लाइनमध्ये, डीपीपर्यंतचे (ट्रान्सफॉर्मरपर्यंतचे) जोड तपासा. तो मोटरच्या त्याच टोकावर थांबला तर दोष वाइंडिंगचा, मोटर आमच्याकडे आणा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

पॉवर फॅक्टर सुधारायला कॅपॅसिटर लावला असेल तर आणखी एक फसगत होते. दहा एचपीला तीन केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरच्या ताकदीचं माप) कॅपॅसिटर असेल, तर पूर्ण लोडला मेन वायरीवरचा करंट १४.२ वरून साडेबाराच्या आसपास येतो. मालक खूश: अजून दीड अँपिअरची जागा आहे! जागा कुठली? मोटरच्या वाइंडिंगमध्ये पूर्वीइतकाच करंट आहे, कमी झाला तो कॅपॅसिटरच्या आधीच्या वायरीत. पाटीशी तुलना करायची तर करंट कॅपॅसिटरच्या पुढे, मोटरकडे जाणाऱ्या बाजूला मोजायचा.

दुसऱ्या मोटरची पाटी. ८.८/५.१ च्या वर २२०/३८० व्होल्ट लिहिलेलं असणार, आणि त्याच्याही जवळ एक त्रिकोण आणि एक वायसारखी खूण. असल्या पाटीवर तिरक्या रेघेच्या डावीकडच्या गोष्टी डावीकडच्याशी आणि उजवीकडच्या उजवीकडच्याशी जोडून वाचायच्या. २२० व्होल्ट, डेल्टा, ८.८ अँपिअर ही एक जोडी. ३८० व्होल्ट, स्टार, ५.१ अँपिअर ही दुसरी. दोन्हींत मोटर तेवढंच काम करते आणि प्रत्येक वाइंडिंगला २२० व्होल्टच मिळतात. ८.८ ला ५.१ ने भागून बघा, तोच १.७३ येईल.

आपल्या ४१५ वर ही मोटर स्टारमध्येच चालवायची, रिले ५.१ वर. ४१५ हे ३८० पेक्षा नऊ टक्के जास्त आहेत, त्यामुळे ती जरा गरम चालेल आणि रिकामा करंट जास्त दिसेल. काम निभतं, पण तिला सतत पूर्ण लोडवर रगडू नका. तुमच्याकडची पहिली मोटर डेल्टा आहे म्हणून एखाद्याने हिच्याही पट्ट्या डेल्टाला लावल्या, तर २२० च्या वाइंडिंगवर ४१५ पडतील. मग मिनिटभरही नको, वासच येतो. त्यामुळे ही मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालत नाही, आणि एवढ्या करंटच्या, साधारण २.२ किलोवॅटच्या, मोटरला त्याची गरजही नाही. उलट चूकही होते: ४१५ डेल्टाची मोटर स्टारमध्ये राहिली तर तिची ओढ एक तृतीयांश होते. रिकामी असताना छान शांत चालते, करंटही कमी दिसतो, आणि माल सोडला की गुदमरून तापते. तुमच्या पल्व्हरायझरचा टायमर किंवा डेल्टा कॉन्टॅक्टर अडकला तर हेच होईल.

शेतीच्या पंपाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण जिल्ह्यात १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी आणि घरोघरी पंप, त्यामुळे ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेंट्रिफ्युगल पंपाचं हेड (पाणी चढवायची उंची) कमी झालं की तो जास्त पाणी टाकतो आणि मोटर जास्त अँपिअर घेते. कृष्णाकाठी पावसाळ्यात नदी चढली की पंप ‘हलका’ झाला असं वाटतं, पण टाँग लावला तर उलटंच दिसतं. पाइप मोटरजवळच फुटला तरी तसंच. अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला की करंट खाली येतो. लोकांना हे पटत नाही, मग समोर व्हॉल्व्ह फिरवून दाखवावं लागतं. पंपसेटच्या पाटीवर म्हणून ‘कमाल करंट’ असा वेगळा आकडा असतो, तो दिलेल्या हेडच्या पूर्ण टप्प्यातला सर्वांत मोठा.

शेवटी तुमच्या जळालेल्या मोटरबद्दल. ती भरून येईल तेव्हा पाटी तीच असेल, मोटर तीच असेलच असं नाही. टर्न (तारेचे फेरे) कमी भरले, तार बारीक घातली, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर) बदलला, तर १४.२ हा आकडा त्या बॉडीवर नुसता चिकटलेला राहतो. भरून आली की दुकानातच रिकामी चालवून घ्या. ४१५ ला तिन्ही फेज सहाच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ असायला हवेत. ८-९ दिसले तर मोटर परत द्या, पैसे नंतर. रिवायंडरकडून टर्न, तारेचा गेज, पिच आणि जोडणी एका चिठ्ठीवर लिहून मागा. चांगला कारागीर कां-कूं करत नाही. ती चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून स्टार्टरच्या दाराच्या आत चिकटवा आणि खाली मोठ्या अक्षरात लिहा: ‘रिले फेजमध्ये, ८.२’. पुढचा वायरमन नवा असेल. तो पाटीवर १४.२ वाचेल आणि चकती फिरवायला स्क्रू ड्रायव्हर काढेल, तेव्हा त्याच्या नजरेसमोर ती चिठ्ठी असायला हवी.